डिस्टोपियाचा सेट: आधी हुकूम ठरवा, मग धूळ टाका

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरची एक दिग्दर्शिका तीस मिनिटांची डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीच्या भविष्यकाळातली, शॉर्टफिल्म करते आहे. काळ २०६८. मराठवाड्यातल्या एका शहरात पाणी फक्त कार्डावर मिळतं आणि ते वाटण्याचा अधिकार एकाच प्राधिकरणाकडे आहे. कला विभागाला तीन लाख रुपये, पाच माणसं आणि सहा दिवसांचं शूटिंग. जागा चार: पाणीवाटप केंद्र, नायिकेची एका खोलीची जागा, अधिकाऱ्याची केबिन आणि एक गल्ली. त्या विचारतात, ‘एवढ्या पैशात भविष्यकाळ कसा दिसेल? आधी सेट करू की प्रॉप्स, म्हणजे नटांनी हाताळायच्या वस्तू? आणि सगळं गंजलेलं, मोडकं कसं करायचं?’

मी चोवीस वर्षं मुंबईत आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करतो आहे. सुरुवात सेटिंगच्या सुतारांच्या हाताखाली केली, मग असिस्टंट, आता प्रॉडक्शन डिझाइन. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गफलत तिथेच आहे आणि तीच गफलत मीही केली होती.

एका वेब सिरीजसाठी भविष्यातली पोलीस चौकी उभारायची होती. दोन रात्री जागून आम्ही ती चौकी इतकी गंजवली की भिंतीवर हात ठेवायला जागा उरली नाही. टीम खूश होती. सकाळी कॅमेरामन आले, पाच मिनिटं फिरले आणि म्हणाले, ‘इथे रोज कुणी ड्युटीला येतं का?’ खरंच, ती जागा ओसाड दिसत होती. ओसाड जागेची भीती वाटत नाही. तिथे कुणी आपल्याला अडवणार नसतं. शूटिंग चार तास थांबवून आम्ही अर्धा गंज खरवडून काढला, टेबल पुसलं, हजेरीपट ठेवला, भिंतीवर नवा पट्टा मारला. तेव्हा कुठे ती चौकी चौकीसारखी वाटली.

मोडलेलं जग आणि दडपलेलं जग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रलयानंतरच्या गोष्टीत मालक पळून गेलेला असतो. तुमच्या गोष्टीत तो जागेवर बसलेला आहे. तो रोज सकाळी शटर उघडतो, रजिस्टरवर सही करतो, दर सहा महिन्यांनी पिवळ्या रेघा पुन्हा मारून घेतो. त्यामुळे तुमचं पाणीवाटप केंद्र ही फिल्ममधली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नीट रंगवलेली जागा असायला हवी. झीज दिसायची ती रांगेत उभ्या असलेल्यांच्या वस्तूंवर.

मी प्रत्येक वस्तूकडे दोन हातांच्या हिशेबाने बघतो. एक हुकमाचा हात आणि एक दुरुस्तीचा. वस्तू कुणी दिली, त्यावर काय छापलं, काय करायला मनाई केली, हा पहिला हात. ती मिळाल्यावर बाईने मुठीला चिंधी कशी गुंडाळली, तडा कशाने सांधला, आपलं नाव खिळ्याने कुठे कोरलं, हा दुसरा. फक्त पहिला हात दिसला तर सेट सरकारी प्रदर्शनासारखा होतो, आणि दुसराच दिसला तर नुसतं दारिद्र्य उरतं. दोन्ही हात एकाच वस्तूवर दिसले की प्रेक्षकाला संवादाशिवाय कळतं, या जगात काय चाललंय.

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी या जगाचे नियम लिहून काढा. आकड्यांत लिहा. समजा, माणशी रोज १२ लिटर. हा एक आकडा ठरला की निम्मे प्रॉप्स आपोआप ठरतात. प्राधिकरण १२ लिटरचाच कॅन देणार आणि त्यावर भरण्याची रेघ असणार. रेघेच्या वर भरला तर दंड, म्हणून रेघेच्या वर भोकं पाडलेली असणार. मग लोक ती भोकं मेणाने, एमसीलने बुजवणार आणि तपासनीस ती बोटाने चाचपून बघणार. बघा, एक प्रसंगच तयार झाला. घरातले जुने हंडे-कळशा आता पाण्याच्या नाहीत, त्यांत कपडे किंवा कागदपत्रं ठेवलेली आहेत. रिकाम्या हंड्यात घडी करून ठेवलेली साडी हा शॉट तुमच्या फिल्मचा काळ सांगून जाईल.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे भरलेला कॅन १२ किलोहून जास्त. रिकामा कॅन उचलून चालणारी नटी लगेच ओळखू येते, तिचा खांदा खोटं बोलतो. जवळच्या शॉटमध्ये कॅन खरा भरा. लांबच्या शॉटमध्ये तळाशी चार-पाच किलो वाळूची पिशवी पुरते. रीटेकवर रीटेक झाले तर माणूस थकतो, तेव्हा दोन्ही कॅन तयार ठेवा.

संदर्भासाठी परदेशी चित्रांचे बोर्ड बनवू नका. तुम्ही लातूरच्या आहात. मार्च २०१६ मध्ये तुमच्या जिल्ह्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याकडे जाऊन बसा. घागरी रांगेत कशा लावल्या होत्या, आपली घागर ओळखण्यासाठी काय खूण केली होती, रात्री जागायची पाळी कुणाची असायची, पाईपचं तोंड कुणाच्या हातात असायचं, हे विचारा. त्यांच्या फोनमध्ये तेव्हाचे फोटो असतील. त्यांतल्या वस्तूंची यादी करा. तुमचा खरा मूडबोर्ड तोच.

हुकमाच्या हाताचा संदर्भही आपल्याकडे भरपूर आहे. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईत घरांच्या तपासण्या झाल्या. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर यू.एच.एच. ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली जात. त्या काळचे फोटो उपलब्ध आहेत, ते मोठे करून बघा. दारावर रंगवलेल्या तीन अक्षरांत किती ताकद असते ते कळेल. त्याच साथीत आणलेला १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, मतदानाला वापरतात त्या शाईचे. त्या शिक्क्यांची गरज होती की नव्हती हा वेगळा विषय आहे. आपल्या कामाचा मुद्दा असा की कातडीवर उमटलेला शिक्का हा जगातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक प्रॉप आहे. तुमच्या नायिकेच्या मनगटावर तीन दिवस पुसट होत जाणारा शिक्का ठेवा. त्याची कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट तो जुळता राहणं, मेकअपवाल्यांबरोबर बसून दिवसागणिक ठरवा, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

आता ‘भविष्यकाळ कसा दिसेल’ हा प्रश्न. २०६८ म्हणजे आजपासून चाळीसेक वर्षं पुढे. मग चाळीस वर्षं मागे बघा. आजीच्या घरातलं लोखंडी कपाट अजून उभं आहे, पितळी डबे आहेत, खिडकीचे गज तेच आहेत. शेजारी वायफायचा डबा आहे. घर कधीच एका वर्षाचं नसतं, तीन पिढ्यांच्या वस्तू त्यात एकत्र नांदत असतात. २०६८ च्या खोलीत २०१५ चा मिक्सर असणारच, तो बंद पडलेला असेल आणि त्यावर देवाचा फोटो ठेवलेला असेल. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६५ मध्ये ‘आल्फाव्हिल’साठी भविष्यातलं शहर बांधलंच नाही, त्या वेळच्या पॅरिसमधल्या नव्या काचेच्या इमारती रात्री चित्रित केल्या. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ या हॉलिवूडपटात तर पैसा होता, तरी तिथे विचार हाच होता की जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, त्यांच्यावरच नवे पाईप, नव्या वायरी चढवत जायच्या. ती पद्धत आपल्या कुठल्याही पेठेत रोज चालू असते. एका जुन्या वाड्याच्या भिंतीवरची वायरिंग नीट बघा, चार दशकांचे थर मोजता येतील.

तेव्हा चकचकीत पॅनेल आणि निळ्या एलईडी पट्ट्या यांवर पैसा घालवू नका. नव्या काळाच्या दोन-तीन वस्तूच ठेवा आणि त्या फक्त प्राधिकरणाकडे असू द्या.

पैशांची वाटणी मी अशी करीन. निम्म्याहून थोडे जास्त पैसे केंद्राच्या खिडकीवर आणि हाताळायच्या प्रॉप्सवर. खोली कुणाची तरी खरी घ्या आणि त्यातून वस्तू कमी करा. गल्लीत फक्त ड्रम, पाट्या आणि नोटिसा. केबिनला दोन भिंती आणि एक टेबल पुरे. केबिनमध्ये टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा जग ठेवा, झाकण नसलेला, आणि बाजूला अर्धा पिऊन सोडून दिलेला ग्लास. माणशी १२ लिटरच्या शहरात सोडून दिलेलं अर्धा ग्लास पाणी म्हणजे काय, हे नायिकेच्या नजरेतून प्रेक्षक समजून घेईल. त्या शॉटला खर्च शून्य आहे.

केंद्रासाठी बंद पडलेली डाळमिल किंवा एमआयडीसीतली रिकामी शेड शोधा. उंची आणि खोली तिथे फुकट मिळते. बांधायची फक्त खिडकी असलेली एक भिंत. आठ बाय चारच्या प्लायचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, मागे लाकडी पट्ट्यांची चौकट, तिरपे टेकू आणि टेकूंवर वाळूची पोती. शेडची दारं उघडी असतील तर एप्रिलमधली एक वावटळ अख्खी भिंत नटांच्या अंगावर आणू शकते. पोती मोजून नका ठेवू, लागतील त्याच्या दुप्पट ठेवा.

ती भिंत काँक्रीटची दाखवायची असेल तर राखाडी रंग लावून काँक्रीट होत नाही. काँक्रीट ओतलेलं असतं, म्हणून त्यावर शटरिंगच्या, म्हणजे ओतायच्या साच्याच्या, खुणा असतात: प्लायच्या कडांच्या बारीक उभ्या-आडव्या रेघा, ठरावीक अंतरावर साचा धरून ठेवणाऱ्या टायची गोल भोकं, कडेला थोडा मधाच्या पोळ्यासारखा खडबडीतपणा. फेविकॉल, व्हायटिंग (खडूची पूड) आणि बारीक चाळलेली वाळू यांचा लेप पत्र्याच्या पट्टीने ओढा. वाळल्यावर तीन वेगवेगळ्या करड्या छटा पातळ करून स्पंजने द्या, एकसारख्या नकोत. फ्लॅटचे सांधे लपवण्याऐवजी तेच शटरिंगचे सांधे म्हणून वापरा. हे काम दोन माणसं दोन दिवसांत करतात.

पाईपसाठी पीव्हीसीचे जाड ड्रेनेज पाईप घ्या. त्यांवरची कंपनीची छापील अक्षरं आधी पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर क्लोजअपमध्ये ती रंगाखालून डोकावतात. जोडाच्या ठिकाणच्या चकत्या प्लायमधून कापा आणि त्यांवर खरे नट-बोल्ट बसवा. वळणाचे, मोठे आकार थर्माकोलचे करायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. स्प्रे पेंट थर्माकोलला खातो, फेविबाँडसारखी चिकटवणीही खाते. आधी फेविकॉल आणि व्हायटिंगचे दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच रंग. आमच्या एका असिस्टंटने घाईत कच्च्या थर्माकोलवर चंदेरी स्प्रे मारला आणि चार फुटांचा व्हॉल्व्ह आमच्या डोळ्यांसमोर वितळून खाली बसला. पोरगा रडकुंडीला आला होता. सगळ्यांनी मिळून रात्रीत तो पुन्हा केला.

आता झिजवणं. हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गंजाला पाणी लागतं. मुंबईत, कोकणात खारी हवा आहे, तिथे लोखंड सहा महिन्यांत तांबडं होतं. तुमचं शहर कोरडं आहे, तीस वर्षं पाण्याला तरसलेलं आहे. तिथे सगळीकडे गंज दाखवणं म्हणजे गोष्टीलाच खोटं पाडणं. कोरड्या शहराच्या खुणा वेगळ्या असतात. नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार. उन्हाने विटलेलं, भुरकट पडलेलं प्लास्टिक. तडकलेले रबरी पाईप. पोपडे धरलेला ऑइल पेंट. आणि धूळ.

क्षारांसाठी व्हायटिंग, थोडा फेविकॉल, चिमूटभर पिवडी, असं घट्टसर कालवून स्पंजाच्या तुकड्याने नळाच्या तोंडाशी टिपा आणि ओघळ खाली ओढा. क्षार नेहमी पाण्याच्या वाटेवर साचतात, वरच्या बाजूला नाही. निळे २०० लिटरचे ड्रम विटलेले दाखवायला बारीक पॉलिश पेपरने उन्हाची बाजू घासा आणि खूप पातळ पांढऱ्याचा एक हात पुसून घ्या. सावलीची बाजू तशीच सोडा. वस्तू कोणत्या दिशेला तोंड करून वर्षानुवर्षं उभी होती हे त्यातून कळतं.

छापील पोस्टर उन्हात राहिलं की त्यातला तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो. म्हणूनच जुनी पोस्टरं निळसर दिसतात. प्राधिकरणाची जुनी पोस्टरं छापताना फाइलमध्येच तांबडा-पिवळा उतरवून घ्या, चहाचं पाणी मारत बसू नका. चहाचं पाणी घरात ठेवलेल्या कागदांना शोभतं, उन्हातल्यांना नाही.

धुळीसाठी इंडस्ट्रीत मुलतानी माती वापरतात. तिचा रंग सगळीकडे सारखा, फिकट असतो. तुमच्याकडे काळ्या मातीची धूळ करडी आणि मुरमाची तांबूस. त्याच गल्लीतली माती वस्त्रगाळ करून मुलतानीत मिसळा, म्हणजे सेटची धूळ आणि खऱ्या रस्त्याची धूळ कॅमेऱ्यात वेगळी पडणार नाही. मऊ ब्रशने आडव्या पृष्ठभागांवर टाका आणि मग जिथे हात, पाय, कोपर लागतात तिथून ती पुसून घ्या. धूळ टाकण्यापेक्षा कुठून पुसायची हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. टाकणाऱ्याने मास्क लावायचाच, आणि नट सेटवर येण्याआधी हवेतली धूळ खाली बसू द्यायची.

आता खिडकीचा ओटा. हजारो लोकांनी त्यावरून कार्ड आत सरकवलं आहे, म्हणजे मधोमध एक गुळगुळीत, किंचित खोलगट पट्टा हवा. कोपराच्या उंचीवर रंग घासलेला हवा. खाली, रांगेत उभं राहून पाय टेकवलेत तिथे चपलांचे काळे डाग. आणि लहान मुलांच्या उंचीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा, कारण रांगेत मुलं असतात आणि त्यांना कंटाळा येतो. खिडकीच्या आतल्या बाजूला मात्र यातलं काहीही नको.

खरा गंज एकाच जागी वापरा. गल्लीतला जुना सार्वजनिक नळ, ज्याला एकेकाळी पाणी होतं. तिथे गंज दिसला की ती पाण्याची आठवण ठरते. साधं, रंग नसलेलं लोखंड घासून त्यावर व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ यांचं मिश्रण मारलं की थोड्या वेळातच तांबडं धरतं. मोकळ्या हवेत करा, हातमोजे आणि चष्मा घाला, उरलेलं मिश्रण बंद बाटलीत ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटू शकते. जस्ताचा मुलामा असलेल्या किंवा स्टेनलेसच्या वस्तूंवर हा प्रयोग नको.

हातातल्या प्रॉप्समध्ये सगळ्यात आधी कार्ड बनवा. सेटच्याही आधी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं हेच उत्तर. कार्ड ठरलं की प्राधिकरणाचं चिन्ह, रंग, अक्षरं, भाषा सगळं ठरतं आणि तेच पुढे भिंतीवर मोठं होऊन जातं. निळा रंग टाळा. पाणी म्हणजे निळं हे कुणालाही सुचतं, शिवाय तो लोकांच्या ड्रमांना राहू दे. प्राधिकरणाला मळकट पांढरा आणि एक मंद पिवळा पुरे.

माझी सूचना अशी की कार्डावर चिप दाखवू नका, रोज एक भोक पाडू द्या. एसटीच्या कंडक्टरचा तिकीट पंच आठवतो का? इलेक्ट्रॉनिक मशीन येण्याआधी त्याची टिकटिक गर्दीतूनही ऐकू यायची. त्या आवाजात अधिकार होता, कंडक्टर सीटजवळ येण्याआधीच हात खिशाकडे जायचा. तसा पंच मिळवा किंवा चांगला लोखंडी पंच घ्या आणि साउंड रेकॉर्डिस्टला पहिल्याच दिवशी तो आवाज वेगळा रेकॉर्ड करायला सांगा. पडद्याबाहेरून आलेली ती एक टिक पुढे रांगेतल्या प्रत्येकाची मान वर करायला पुरेल. आणि भोकं पाडलेल्या कार्डावरून महिन्यातले किती दिवस उरले हे प्रेक्षकाला दिसतं, चिपवरून दिसत नाही.

त्या एका कार्डाच्या निदान बारा प्रती करा. कोऱ्या, पाच भोकांच्या, वीस भोकांच्या, भिजलेल्या, दुमडलेल्या, फाटलेल्या. प्रत्येकीवर मागे पेन्सिलीने सीन नंबर. सीन उलटसुलट क्रमाने शूट होणार आहेत. बाविसावं भोक असलेलं कार्ड तिसऱ्या दिवशी हातात आलं तर एडिटिंगमध्ये ते लपवायला जागा नसते. ओळखपत्रं छापणाऱ्या दुकानातून पीव्हीसी कार्ड मिळतील, पण ती भिजत नाहीत, मऊ होत नाहीत. जाड कागदावर पातळ मेणाचा हात जास्त चांगला म्हातारा होतो.

नोटिसांची भाषा. इथे बहुतेक फिल्म घसरतात, कारण त्या परदेशी घोषणांची नक्कल करतात. आपल्या सरकारी मराठीत जी थंडगार ताकद आहे तिच्याकडे कुणी बघतच नाही. ‘सदर कार्डधारकास याद्वारे सूचित करण्यात येते की’ असं लिहिलं की कर्ता गायब होतो. सूचित कोण करतंय, पाणी कोण बंद करतंय, हे वाक्यात कुठेच नाही. पात्र, अपात्र, लाभार्थी, तपशील, जोडपत्र ‘क’. स्वतःच्या वाट्याचं पाणी घ्यायला आलेल्या बाईला ‘लाभार्थी’ म्हणणं, यापेक्षा धारदार ओळ पटकथेत लिहिता येणार नाही. जुनी सरकारी परिपत्रकं वाचा आणि त्याच गांभीर्याने, एकही गमतीदार शब्द न घालता नोटिसा लिहा. शुद्धलेखन दोनदा तपासा. सरकारी शिक्क्यातली चुकीची वेलांटी मराठी प्रेक्षकाला लगेच खुपते.

अक्षरांतही दोन हात ठेवा. प्राधिकरणाचं सगळं छापलेलं किंवा स्टेन्सिलने मारलेलं, लोकांचं सगळं हाताने लिहिलेलं. देवनागरीचं स्टेन्सिल कापताना ब, व, ठ, क यांच्या पोटातला तुकडा खाली पडतो, म्हणून त्याला धरून ठेवणारा पूल सोडावा लागतो. शिरोरेषाही सलग कापली तर पत्रा लुळा पडतो, ती अक्षरागणिक तोडावी लागते. त्यामुळे येणारी तुटक अक्षरं दिसायला फार कठोर दिसतात, तुमच्या कामाची आहेत. हाताच्या अक्षरांसाठी गावातला जुना बोर्ड पेंटर बोलवा. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम गेलं, पण हात अजून शाबूत आहेत. माझ्या सेटवरची सगळ्यात जिवंत अक्षरं अशाच एका साठीतल्या पेंटरच्या हातची होती, आणि रंग कसा ओढायचा हे मला त्यांनी शिकवलं.

चिन्ह स्वतःचं काढा. राजमुद्रेचे तीन सिंह किंवा त्यांच्याशी साम्य असलेलं काहीही वापरू नका, त्याबद्दल १९५० आणि २००५ चे कायदे आहेत. खऱ्या नोटांसारख्या नोटा छापू नका. गणवेश पोलिसांच्या खाकीपासून लांब ठेवा. खोटी बंदूक सेटवर असेल तर आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवा.

नोटिसांबद्दल अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतो. आम्ही एकदा एका वस्तीत ‘उद्यापासून पुरवठा बंद’ अशा अर्थाच्या खोट्या नोटिसा लावल्या होत्या. पॅकअपला अंधार झाला, आणि एका भिंतीवरच्या नोटिसा काढायच्या राहून गेल्या. सकाळी तिथल्या बायका रिकामी भांडी घेऊन चौकशीला निघाल्या होत्या. त्यांतल्या एका आजींचा चेहरा मला अजून आठवतो. चूक पूर्णपणे आमची होती. मी स्वतः घरोघर जाऊन माफी मागितली. तुम्ही तर अशा शहरात शूट करणार आहात जिथे ही भीती लोकांनी खरोखर भोगली आहे. आदल्या दिवशी गल्लीत प्रत्येक घरी सांगून या. नोटिसा मोजून लावा, मोजून काढा, आणि तो आकडा एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

सामान कुठून? मुंबईत असतात तर मी कुर्ल्याचं भंगार, धारावीचं तेरा कंपाउंड आणि जहाजांच्या सामानासाठी दारूखाना सांगितला असता. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, एक फेरी माराच. पण आधी गावातल्या भंगारवाल्याशी मैत्री करा. प्रेशर गेज, व्हॉल्व्हची चाकं, जुने पंप किलोवर विकत घेण्यापेक्षा आठवड्याच्या भाड्याने मागा, बहुतेक जण देतात. जुने सिमेंटचे पत्रे मात्र कापू, फोडू किंवा घासू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. थर्माकोल आणि प्लायच्या सेटवर अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या हाताशी हव्यातच, आणि सेटच्या मागे सिगारेट ओढणाऱ्याला त्याच क्षणी घरी पाठवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब कॅमेऱ्याच्या काही शटर सेटिंगला लुकलुकतात. सेटवर लावायचा प्रत्येक दिवा आणि स्क्रीन आधी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर तपासा. सेकंदाला २४ फ्रेम घेताना कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर ठेवलं की बहुतेक त्रास जातो. रंगांचे नमुनेही भिंतीवर लावण्याआधी फुटभर प्लायवर लावून कॅमेऱ्यातून बघा. डोळ्यांना छान वाटलेली धूळ लेन्समधून कित्येकदा दिसतच नाही.

दूरचा कोरडा जलाशय किंवा उंच भिंत संगणकावर जोडायचा मोह होईल. एखादा शॉट ठीक आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरी खोली असलेले सेट आणले, ते कोल्हापुरात, आपल्याच मातीत. नट ज्या भिंतीला टेकू शकतो त्या भिंतीचा फरक त्याच्या पाठीत दिसतो. म्हणून नायिका जिला हात लावणार ती प्रत्येक गोष्ट खरी ठेवा, संगणक लागलाच तर फक्त क्षितिजाला.

आणि कार्ड व कॅन तयार झाले की शूटिंगच्या किमान दोन आठवडे आधी ते नायिकेच्या घरी पोचवा. रोज घरचं पिण्याचं पाणी तिने त्याच कॅनने भरायचं, कार्ड रोज पर्समध्ये किंवा पदराला बांधून वागवायचं. मुठीला चिंधी तिलाच गुंडाळू द्या, कुठली आणि कशी हे सुचवू नका. दोन आठवड्यांत कड तिच्या तळहाताप्रमाणे घासेल, कार्ड तिच्या घामाने मऊ पडेल, दुमड तिच्या सवयीच्या जागी पडेल. आदल्या रात्री कॅन परत आला की फोटो काढून कंटिन्युइटीच्या फाइलला लावा आणि तुमच्या पेंटरला सांगा, याला हात लावायचा नाही.